विश्लेषण : मोडीत निघालेल्या वस्तूंचे संग्रहालय कसे झाले? दिनकर केळकर यांचे काम आजही का महत्त्वाचे?

पनवेलहून माथेरानकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सुकापूर एकेकाळी शेतीचे गाव होते. आता तिथे निवासी इमारतींची दाटी झाली आहे. कोकणातून, घाटावरून आणि रायगडच्या खेड्यांतून आलेली कुटुंबे अशा वसाहतींत स्थिरावतात, तेव्हा गावच्या घरातील सामानाचा प्रश्न हमखास येतो. तांब्याचे घंगाळ, पितळी समई, आजीचा अडकित्ता, दगडी जाते सदनिकेत कुठे ठेवायचे? बहुतेक वेळा उत्तर भंगारवाल्याच्या तराजूवर मिळते. शंभर वर्षांपूर्वी पुण्यातील पडत्या वाड्यांपुढे हाच प्रश्न होता. त्याला वेगळे उत्तर देणाऱ्या माणसाचे नाव दिनकर गंगाधर केळकर. राजे-रजवाड्यांच्या खजिन्यापेक्षा सामान्य घरातील रोजच्या वापराच्या वस्तूंना त्यांनी इतिहासाचा दर्जा दिला. त्यांचे आयुष्य, त्यांचा संग्रह आणि त्यातून उरलेले प्रश्न यांविषयी...

दिनकर केळकर कोण होते?

केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी मावळातील करंजगाव येथे झाला. पुण्यात त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. मराठी वाचकांना मात्र त्यांची पहिली ओळख झाली ती कवी म्हणून. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते कविता लिहीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत टोपणनावाने लिहिणाऱ्या कवींची मोठी परंपरा होती. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी यांच्यानंतरच्या पिढीत अज्ञातवासींचे नाव घेतले जाई.

कवी, दुकानदार आणि संग्राहक अशा तीन भूमिका त्यांनी एकाच वेळी निभावल्या. पुढे त्यांचे कवी म्हणून असलेले नाव मागे पडले आणि काकासाहेब केळकर म्हणजे जुन्या वस्तू हे समीकरण रूढ झाले. टोपणनाव मात्र वेगळ्या अर्थाने खरे ठरले. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या बहुतेक वस्तूंवर कारागिराचे नाव नाही. अडकित्ता घडवणारा लोहार, समई ओतणारा कासार, दरवाजा कोरणारा सुतार हे सगळे अज्ञातच राहिले. त्यांच्या हातची कला या कवीने सांभाळली.

त्यांनी जुन्या वस्तू जमवण्यास कधी सुरुवात केली?

संग्रहाची सुरुवात १९२०च्या सुमारास झाली. तेव्हा केळकर पंचविशीत होते. या काळाला विशेष महत्त्व आहे. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतील इमारती भस्मसात झाल्या. सरदार, इनामदार, सावकार यांचे वाडे मात्र पुढे शंभर वर्षे कसेबसे तग धरून होते. उत्पन्न घटत गेले, कुटुंबे वाढत गेली, वाटण्या झाल्या. वाड्यातील शस्त्रे, झुंबरे, पेटारे, नक्षीचे दरवाजे, मोठमोठी भांडी ही आधी अडगळ झाली आणि मग विक्रीची वस्तू.

स्वातंत्र्यानंतर या घसरणीला वेग आला. मुंबई राज्यात १९४८ मध्ये कूळकायदा झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत वतने आणि इनामे रद्द करणारे कायदे झाले. कसणाऱ्याला न्याय देणारे हे कायदे सामाजिकदृष्ट्या आवश्यकच होते. पण ज्या उत्पन्नावर वाडे उभे होते ते बंद झाल्यावर वाड्यांतील सामान बाहेर पडणे अटळ होते. केळकर यांच्या संग्रहाची पहिली चाळीस वर्षे नेमकी याच काळातली आहेत.

दुसरा बदल स्वयंपाकघरातला. पितळी भांड्यांना कल्हई करावी लागते. कल्हई गेली की आंबट पदार्थ कळकतात. आधी ॲल्युमिनियम आणि नंतर स्टेनलेस स्टील आले, तशी ही कटकट संपली आणि पितळ मोडीच्या भावाने जाऊ लागले. मोडीत भांड्याला किंमत असते ती वजनाची. त्यावरचे नक्षीकाम, आकार, घडणावळ यांना तिथे शून्य मोल. केळकर यांनी वजनाचा हिशेब बाजूला ठेवला आणि घडणीकडे पाहिले. त्यांच्या संग्रहाचे सारे वेगळेपण या एका निर्णयात आहे.

इतिहास जपण्याचे काम पुण्यात आधीपासून होत नव्हते का?

होत होते आणि फार मोठ्या प्रमाणावर होत होते. पण ते कागदांभोवती फिरत होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे मिळवली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड प्रसिद्ध केले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. पत्रे, सनदा, बखरी, हिशेबाच्या वह्या यांतून राज्यकारभार, लढाया, तह यांचा इतिहास उभा राहिला.

पण कागदात स्वयंपाकघर क्वचित येते. लिहिता न येणाऱ्या बाईने कुंकू कशात ठेवले, टाच कशाने घासली, शेवया कशा पाडल्या, रात्री कोणत्या दिव्याच्या उजेडात धान्य निवडले हे सनदेत नसते. ते वस्तूतच सापडते. राजवाडे यांच्या पिढीने कागद वाचवले, तर केळकर यांनी कागदाबाहेरचे जग वाचवले. ही दोन्ही कामे परस्परपूरक आहेत. मात्र पहिल्याला विद्वत्ता म्हटले गेले, तर दुसऱ्याला बराच काळ नाद किंवा वेड समजले गेले.

जगात इतरत्रही हा विचार त्याच सुमारास रुजत होता. स्वीडनमध्ये आर्थर हाझेलियस यांनी १८७३ मध्ये शेतकऱ्यांचे पोशाख, अवजारे आणि घरगुती वस्तूंचा संग्रह लोकांसाठी खुला केला आणि १८९१ मध्ये स्टॉकहोममध्ये स्कान्सेन हे खुले संग्रहालय सुरू केले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात हेन्री मर्सर यांना १८९७ मध्ये जुन्या सामानाच्या ढिगात टाकून दिलेली हत्यारे दिसली. कारखान्यांमुळे हातकामाची अवजारे नाहीशी होणार हे ओळखून त्यांनी ती गोळा केली. त्यांचे संग्रहालय १९१६ मध्ये उघडले. केळकर यांचा प्रयत्न या जातकुळीतला आहे. फरक साधनांचा. मर्सर यांच्याकडे कौटुंबिक संपत्ती होती. केळकर यांच्यामागे चष्म्याचे दुकान होते.

संग्रहात नेमके काय आहे?

केळकर महाराष्ट्रापुरते थांबले नाहीत. गुजरात, राजस्थान, दक्षिण भारत अशा देशाच्या निरनिराळ्या भागांतून त्यांनी वस्तू मिळवल्या. १९६०च्या सुमारास संग्रह १५ हजार वस्तूंपर्यंत गेला होता. त्यातील बहुतेक वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील आहेत.

या संग्रहाची खरी ओळख म्हणजे एकाच वस्तूची असंख्य रूपे. सुपारी कातरणे हे अडकित्त्याचे काम. त्यासाठी दोन पाती आणि एक खीळ पुरेशी आहे. तरीही कुणी त्याला पोपटाचा आकार दिला, कुणी घोड्याचा, कुणी स्त्री-पुरुषाच्या जोडीचा. पानदाने, चुन्याच्या डब्या, कुंकवाचे करंडे, फण्या, टाचा घासायच्या वज्र्या, दौती, कुलपे, खवण्या, हुक्के, पेटारे, कोरीव दरवाजे, चित्रकथीच्या पोथ्यांतील चित्रे, शस्त्रे आणि वाद्ये असा हा पसारा आहे. एकट्याने पाहिलेला अडकित्ता सुबक वाटतो. पन्नास अडकित्ते शेजारी शेजारी पाहिले की एका प्रांताची, एका काळाची आवड कळते. संग्राहक आणि साठेबाज यांच्यातील फरक हाच. संग्राहक तुलना करता येईल अशी रांग उभी करतो.

दिव्यांचा विभाग केळकर यांच्या अभ्यासाचा पुरावा आहे. समई, निरांजन, लामणदिवा, दीपलक्ष्मी अशा प्रकारांचा त्यांनी बारकाईने मागोवा घेतला. भारतीय दिव्यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. दिवा केवळ शोभेचा नसतो. वात किती जाड, तेल किती मावते, वारा कुठून येतो, दिवा देवापुढे ठेवायचा की दिवाणखान्यात टांगायचा यावर त्याचा आकार ठरतो. घरोघरी वीज पोहोचल्यावर ही सारी जाण अनावश्यक झाली. दिवे वितळवले गेले असते तर ती जाणही हरवली असती.

स्त्रियांच्या वापरातील वस्तूंना या संग्रहात मिळालेली जागा हे आणखी एक वैशिष्ट्य. ऐतिहासिक संग्रहालय म्हणजे तलवारी, चिलखते आणि नाणी असा समज असलेल्या काळात केळकर यांनी शेवयांचा साचा आणि खवणी त्याच आदराने मांडली.

वस्तू ‘अँटिक’ केव्हा होते? गोल्फच्या काठीचे उदाहरण काय सांगते?

कोणतीही वापराची वस्तू साधारण तीन टप्प्यांतून जाते. आधी ती गरजेची असते, मग निरुपयोगी होते आणि उरलीच तर दुर्मीळ ठरते. धोका मधल्या टप्प्यात असतो. याच टप्प्यात बहुतेक वस्तू नष्ट होतात.

हे समजण्यासाठी अगदी वेगळ्या जगातील उदाहरण घेता येईल. पाश्चात्त्य देशांत गोल्फच्या जुन्या काठ्या जमवणारा मोठा वर्ग आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे कारागीर लाकडी काठ्या हाताने घडवत. ह्यू फिल्प हा त्यांतला नावाजलेला कारागीर. १८५६ मध्ये तो मरण पावला. त्या काळी चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून भरलेला चेंडू वापरत. १८४८च्या सुमारास गट्टापर्चाचा टणक चेंडू आला आणि लांब, निमुळत्या तोंडाच्या जुन्या काठ्या त्याच्या आघाताने फुटू लागल्या. घडण बदलावी लागली. पुढे हिकरी लाकडाच्या दांड्यांचा जमाना आला. १९२९ मध्ये ब्रिटनमधील नियामक संस्थेने पोलादी दांड्यांना मान्यता दिली आणि हिकरीच्या काठ्या माळ्यावर गेल्या. काही दशकांनी त्याच काठ्यांचा शोध सुरू झाला. १९७० मध्ये अमेरिकेत अशा संग्राहकांची संघटना स्थापन झाली.

चेंडू बदलला म्हणून काठी मागे पडली, स्टील आले म्हणून पितळ मागे पडले. दोन्हींमागचे गणित एकच आहे. फरक इतकाच की गोल्फच्या काठीवर बहुधा कारागिराचा शिक्का असतो, त्यामुळे ती कुणाची, कधीची हे ठरवता येते. शिक्क्याला किंमत आली की खोटे शिक्केही येतात. फिल्पच्या नावाच्या बनावट काठ्या बाजारात आल्याच. भारतीय अडकित्त्यावर किंवा समईवर सहसा शिक्का नसतो. तिथे पारखणाऱ्याची नजर हाच आधार. केळकर यांनी ती नजर कमावली होती. शिवाय वस्तू दुर्मीळ आणि महाग झाल्यावर ती जमवायला अनेक जण पुढे येतात. केळकर मधल्या, उपेक्षेच्या टप्प्यातच तिथे पोहोचले होते.

संग्रहालयाच्या नावातील ‘राजा’ कोण?

पुण्यात पहिल्यांदा येणाऱ्या पर्यटकाला ‘राजा दिनकर केळकर’ हे एखाद्या संस्थानिकाचे नाव वाटू शकते. प्रत्यक्षात राजा हे केळकर यांच्या मुलाचे नाव. हा एकुलता एक मुलगा सातव्या वर्षी मरण पावला. वडिलांनी संग्रहाला त्याचे नाव दिले. किताब वाटणारा तो शब्द वास्तविक एका लहान मुलाची आठवण आहे.

या दुःखाचा आणि संग्रहाचा संबंध किती आणि कसा, याचा अंदाज बांधण्याची गरज नाही. एवढे स्पष्ट आहे की वारसाविना राहिलेल्या नावाला केळकर यांनी हजारो वस्तूंचा वारसा जोडला. पत्नी कमलाबाई यांची साथ या कामात मोलाची होती. दुकानदाराच्या मिळकतीतून वस्तू विकत घ्यायच्या म्हणजे घरखर्चाला कात्री लागणारच. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला जागा लागते, तिची झाडपूस करावी लागते, तिला वाळवी, गंज आणि ओल यांपासून सांभाळावे लागते. पुढे संग्रहालयात पगारी कर्मचारी करतात ते काम संग्रहाच्या पहिल्या चाळीस वर्षांत घरच्या माणसांवरच असते. संग्राहकाचे नाव होते, घराचे कष्ट नोंदवले जात नाहीत. केळकर दांपत्याची गोष्ट सांगताना हे विसरता येत नाही.

मस्तानी महाल संग्रहालयात कसा आला?

थोरल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूड येथे महाल बांधला होता. काळाच्या ओघात तो मोडकळीस आला. त्याचे अवशेष केळकर यांनी मिळवले आणि संग्रहालयात त्या महालाची दालनाच्या रूपात पुनर्रचना केली. आज संग्रहालयात येणाऱ्यांचे हे मोठे आकर्षण आहे.

संग्रहशास्त्राच्या दृष्टीने या प्रसंगाला दोन बाजू आहेत. वास्तू मूळ जागी जपली जाणे केव्हाही श्रेष्ठ, कारण जागेशी तिचे नाते असते. पण जागा टिकणार नसेल तर निदान लाकूडकाम टिकावे, हा दुसरा पर्याय. कोथरूड पुढे पुण्याचे दाट वस्तीचे उपनगर झाले, हे पाहता केळकर यांचा निर्णय दूरदर्शी ठरला. वाडे पाडताना खांब, तुळया, गणेशपट्ट्या फर्निचरवाल्याकडे जातात, हे महाराष्ट्रातील प्रत्येक जुन्या शहराचे वास्तव आहे. पनवेलचा जुना गावभागही त्याला अपवाद नाही.

आयुष्यभराचा संग्रह त्यांनी सरकारला का दिला?

१९६१ च्या जुलैमध्ये पानशेत धरण फुटून पुण्यातील नदीकाठच्या पेठांतील शेकडो घरे आणि वाडे पाण्याखाली गेले. खासगी घरांत ठेवलेला वारसा किती असुरक्षित असतो, हे शहराने त्या एका दिवसात पाहिले. पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, केळकर यांचे संग्रहालय आकाराला आले. बाजीराव रस्त्याजवळील नातूबाग परिसरात ते आजही आहे. त्यानंतर १९७५ मध्ये त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्द केला.

तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. जगभरात खासगी संग्रहांचे भवितव्य बहुतेकदा एकसारखे असते. संग्राहक गेला की वारस वाटण्या करतात, लिलाव होतो आणि रांग मोडते. सुट्या वस्तू टिकतात. त्यांना एकत्र आणणारा विचार मात्र संपतो. केळकर यांनी निवडक वस्तू विकल्या असत्या तरी मोठी रक्कम उभी राहिली असती. त्यांनी संपूर्ण संग्रह एकत्र राहील अशी व्यवस्था केली. जमवण्याची ओढ असलेल्या माणसाला सोडून देणे सर्वांत अवघड जाते. त्यामुळे त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी कृती कदाचित कोणतीही खरेदी नसून हे देणेच आहे.

यानंतर त्यांच्या कामाची दखल अधिक व्यापकपणे घेतली गेली. ‘मार्ग’ या कलाविषयक प्रकाशनाने १९७८ मध्ये रोजच्या वापरातील कलेचे भांडार म्हणून या संग्रहाला वाहिलेला ग्रंथ काढला. पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. देऊन गौरवले. १९८० मध्ये ते ‘पद्मश्री’चे मानकरी ठरले. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

संग्रहाच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा जागेची. संग्रहात आज २० हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांपैकी सुमारे अडीच हजार वस्तूच प्रेक्षकांना पाहता येतात. म्हणजे आठातील सात वस्तू पेट्यांत किंवा कोठारात. जगातील मोठ्या संग्रहालयांतही बराच साठा कोठारात असतो, पण एकाच वस्तूच्या अनेक रूपांची रांग हेच ज्याचे बलस्थान, त्या संग्रहाचे यात अधिक नुकसान होते. बावधन येथे मोठ्या जागेत विस्तार करण्याच्या योजनेची चर्चा अनेक वर्षे होत आली आहे.

दुसरी मर्यादा अशा प्रकारच्या सर्वच संग्रहांची आहे. बाजारातून, दलालाकडून किंवा मोडीतून आलेल्या वस्तूबरोबर तिची माहिती येत नाही. ही वज्री कोणत्या गावची, कोणत्या घरातील, कुणाच्या हातची? उत्तर मिळाले नाही तर वस्तू सुंदर राहते, पण मुकी होते. घरातून निघताना वस्तूची गोष्ट सोबत निघाली नाही तर ती नंतर कोणत्याही प्रयोगशाळेत सापडत नाही. धातूचे मिश्रण तपासता येते, लाकडाची जात ओळखता येते. मालकिणीचे नाव कळत नाही.

तिसरा प्रश्न निवडीचा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील नक्षीदार वस्तू बहुतांशी ऐपतदार घरांतल्या. गरिबाची मातीची मडकी, बांबूच्या टोपल्या, फाटकी घोंगडी टिकत नाहीत आणि म्हणून संग्रहांत कमी दिसतात. केळकर यांनी राजदरबारापासून घरापर्यंतचे अंतर तोडले. घरापासून झोपडीपर्यंतचे अंतर पुढच्या संग्राहकांसाठी उरले आहे.

घरातील जुन्या वस्तूंबाबत कायदा काय सांगतो?

पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला आणि ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. या कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुनी कलात्मक किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू, तसेच किमान ७५ वर्षे जुने महत्त्वाचे हस्तलिखित हे पुरावशेष ठरते. घरात अशी वस्तू असणे गुन्हा नाही. मूर्ती, चित्रे, हस्तलिखिते अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी मात्र बंधनकारक आहे. पुरावशेषांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करायचा तर परवाना लागतो. खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातील नातेवाइकाला आजोबांची शंभर वर्षांची मूर्ती भेट म्हणून पाठवणे त्यामुळे महागात पडू शकते. जमिनीत पुरलेले धन सापडल्यास १८७८ चा वेगळा कायदा लागू होतो आणि त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

रोजच्या वापरातील तांब्या-पितळेची भांडी, अडकित्ते, कुलपे यांचे काय? त्यांतील बहुतेक वस्तू नोंदणीच्या यादीत येत नाहीत. म्हणजेच त्यांना वाचवणे हे प्रामुख्याने कुटुंबाच्याच हातात आहे. केळकर यांच्या काळातही तसेच होते.

सामान्य कुटुंबाने काय करावे?

प्रत्येक घराने संग्रहालय व्हावे अशी अपेक्षा नाही, सदनिकेत ते शक्यही नाही. पण काही साध्या गोष्टी जमण्यासारख्या आहेत. वस्तू काढून टाकण्याआधी तिचा फोटो घ्यावा आणि घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारून तिची माहिती लिहून ठेवावी. तिचे घरातील नाव, कोणत्या गावाहून आली, कुणी वापरली, कशासाठी वापरली, अंदाजे केव्हाची, एवढ्या पाच ओळी पुरेशा आहेत. बोलीतील नाव आवर्जून नोंदवावे, कारण वस्तूबरोबर शब्दही जातो. जुन्या धातूला चकाकी आणण्यासाठी तीव्र आम्ल किंवा यंत्रावरचे पॉलिश वापरू नये. त्याने नक्षी झिजते आणि जुनेपणाचा पुरावाही पुसला जातो. वस्तू द्यायचीच असेल तर आधी स्थानिक शाळा, ग्रंथालय किंवा संग्रहालयाकडे विचारणा करावी.

सुकापूरमधील एखाद्या इमारतीखाली भंगारवाल्याच्या तराजूत आज जे घंगाळ चढते, त्याचे वजन तिथे बरोबर होते. त्यात पहाटे कुणी पाणी तापवले, ते गौरीच्या सणाला कुठे ठेवले जाई, कोणत्या तांबटाने ठोकले, याचे वजन करण्याची सोय त्या तराजूत नाही. चष्मे विकणाऱ्या एका दुकानदाराला ते दिसले आणि त्यासाठी त्याने सत्तर वर्षे दिली. त्याचे काम पुढे नेण्यासाठी सत्तर वर्षांची गरज नाही. वस्तू तराजूत जाण्याआधी घरच्यांनी काढलेल्या दहा मिनिटांनीही सुरुवात होऊ शकते.